शून्य टक्क्याची बोली: न्यू जर्सीतील कर-बोजा प्रमाणपत्रांतील गुंतवणुकीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये मालमत्ता कराच्या थकबाकीवरील तीन प्रमाणपत्रे विकत घेतली. त्यानंतर साडेतीन वर्षांत त्या व्यवहाराचे काय झाले, याची ही नोंद आहे. कागदपत्रे त्यांच्या संमतीने पाहिली आहेत. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे, काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. पतीचा उल्लेख श्री. क आणि पत्नीचा सौ. क असा केला आहे.

दोघेही चाळिशी ओलांडलेले आणि पगारदार होते. घराचे कर्ज फेडत फेडत त्यांनी साधारण ७०,००० डॉलर बाजूला ठेवले होते आणि त्या वेळी बँकेच्या ठेवींवर नावापुरतेच व्याज मिळत होते. शनिवार-रविवारच्या एका सशुल्क शिबिरात श्री. क यांनी दोन गोष्टी ऐकल्या. एक, सरकारी हमीचे १८ टक्के व्याज मिळते आणि दोन, मालकाने पैसे भरले नाहीत तर घर आपले होते. यांपैकी पहिले विधान अर्धवट खरे होते आणि दुसरे पुढे त्यांच्या डोळ्यांदेखत बदलले.

ही व्यवस्था चालते कशी

महाराष्ट्रात मालमत्ता कर थकला की महापालिका नोटीस देते, जप्ती आणते आणि शेवटी मालमत्तेचा लिलाव करते. थकबाकीचा बोजा खासगी माणसाला विकण्याची पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे न्यू जर्सीतील व्यवस्था मराठी वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटते. तिथे नगरपालिका दरवर्षी थकबाकीचा लिलाव करते. त्यात घर विकले जात नाही, घरावरचा बोजा विकला जातो. घेणारा मालकाची थकबाकी भरतो आणि त्याला प्रमाणपत्र मिळते. मालकाने पुढे ही रक्कम व्याजासह भरली की बोजा उतरतो.

बोली मात्र उलटी लागते. व्याजदर कमाल १८ टक्क्यांपासून सुरू होतो आणि जो कमीत कमी दर स्वीकारेल त्याला प्रमाणपत्र मिळते. चांगल्या वस्तीतल्या घरावर हा दर काही क्षणांत शून्यावर येतो आणि मग प्रीमियमची चढाओढ सुरू होते. प्रीमियम म्हणजे थकबाकीच्या वर नगरपालिकेकडे ठेवायची रक्कम. तिच्यावर गुंतवणूकदाराला व्याज मिळत नाही. मालकाने बोजा उतरवला तर ती परत मिळते, परंतु लिलावापासून पाच वर्षांत बोजा उतरला नाही तर ती नगरपालिकेच्या तिजोरीत जमा होते.

शून्य टक्क्याने बोली लावण्यात मग कमाई कशाची, असा प्रश्न पडतो. ती दोन ठिकाणांहून होते. प्रमाणपत्राची रक्कम २०० डॉलरच्या वर असेल तर बोजा उतरवताना मालकाला २ टक्के, ५,००० च्या वर असेल तर ४ टक्के आणि १०,००० च्या वर असेल तर ६ टक्के एकरकमी दंड भरावा लागतो आणि तो प्रमाणपत्रधारकाला मिळतो. दुसरे म्हणजे पुढच्या तिमाह्यांचा कर मालकाने थकवला तर तो धारकाने भरता येतो. त्या रकमेवर नगरपालिकेने ठरवलेला थकबाकीचा दर लागतो, जो पहिल्या १,५०० डॉलरच्या थकबाकीवर कमाल ८ आणि त्यावरील रकमेवर कमाल १८ टक्के असतो. शिबिरातले १८ टक्के ते हेच. ते मिळवण्यासाठी आधी प्रीमियम अडकवावा लागतो आणि नंतर दर तीन महिन्यांनी आणखी पैसे घालावे लागतात.

खरेदी

लिलावाच्या आधीच एक निर्णय घ्यावा लागला. शिबिरात ओळख झालेल्या एका गृहस्थांनी सुचवले की आपण पाच-सहा जणांनी गावातल्या मालमत्ता आधीच वाटून घ्याव्यात आणि एकमेकांवर बोली लावू नये, म्हणजे दर खाली येणार नाहीत. सुचवणाऱ्याला यात वावगे काही वाटले नव्हते, ओळखीच्या माणसांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये इतकाच त्यांचा भाव होता. सौ. क यांनी त्याला साफ नकार दिला आणि या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय माझ्या मते हाच होता. न्यू जर्सीतील याच लिलावांमध्ये १९९८ ते २००९ या काळात बोली लावणाऱ्यांनी संगनमत केल्याबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने खटले भरले होते आणि अनेकांनी गुन्हा कबूल केला होता. स्पर्धाविरोधी कायद्याखाली हा फौजदारी गुन्हा आहे. बाकीच्या चुकांत पैसे गेले असते, या चुकीत तुरुंगाची वेळ आली असती.

खरेदी त्यांनी स्वतः स्थापन केलेल्या एका मर्यादित दायित्व कंपनीच्या नावाने केली. पहिले प्रमाणपत्र ३,६०० डॉलरचे होते, त्यावर शून्य टक्के व्याज आणि ९,००० डॉलर प्रीमियम. दुसरे ७,२०० डॉलरचे, शून्य टक्के व्याज आणि २१,००० डॉलर प्रीमियम. तिसरे अवघे १,३५० डॉलरचे होते आणि त्यावर कोणी दुसऱ्याने बोलीच लावली नाही, म्हणून ते पूर्ण १८ टक्के दराने, प्रीमियमशिवाय मिळाले. श्री. क यांना तिसऱ्याचा फार आनंद झाला होता.

तिन्ही प्रमाणपत्रे त्यांनी तीन महिन्यांच्या आत काउंटी क्लार्कच्या, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात नोंदवली. नोंदणी राहिली तर दरम्यान ती मालमत्ता प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्या किंवा तिच्यावर कर्ज देणाऱ्याविरुद्ध प्रमाणपत्राचा उपयोग होत नाही, त्यामुळे ही दक्षता योग्य होती.

अडचण कुठे सुरू झाली

पहिल्या घरावर बँकेचे गृहकर्ज होते. कराचा बोजा गहाणखताच्या वर बसतो, म्हणजे वसुलीत त्याचा हक्क आधी येतो, त्यामुळे बँक असा बोजा फार काळ राहू देत नाही. मे २०२२ मध्ये, सात महिन्यांत, तो उतरला. दरम्यान दांपत्याने दोन तिमाह्यांचा २,४०० डॉलरप्रमाणे कर भरला होता. त्यावर ३२४ डॉलर व्याज आणि मूळ रकमेवर ७२ डॉलर दंड असे ३९६ डॉलर हाती आले. जेवढे पैसे जितके महिने अडकले होते ते धरून हिशेब केला तर वार्षिक परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येतो. हे वाईट नव्हते, पण अठरा टक्के नव्हते.

दुसऱ्या घरावर गृहकर्ज नव्हते. खरेदीच्या वेळी श्री. क यांनी हा गुण मानला, कारण घर बोजामुक्त असेल तर त्याची सगळी किंमत आपल्या प्रमाणपत्रामागे उभी आहे असे त्यांना वाटले. वस्तुतः ती धोक्याची खूण होती. ज्या घरावर कर्ज नाही आणि तरीही मालक कर भरत नाही, तिथे बहुतेक वेळा मालक वारलेला असतो, वारसांत बेबनाव असतो किंवा माणूस कर भरण्याच्या स्थितीतच नसतो. या घराच्या मालकीणबाई २०१९ मध्ये वारल्या होत्या. तीन मुले होती, त्यांपैकी एक दुसऱ्या राज्यात राहत होता. मृत्युपत्राची कार्यवाही कोणी केली नव्हती आणि नगरपालिकेची बिले अजूनही त्यांच्याच नावाने निघत होती.

दर तिमाहीला २,६०० डॉलर भरत राहणे हाच मार्ग उरला. भरले नाहीत तर पुढच्या वर्षी नगरपालिका नव्या थकबाकीचे नवे प्रमाणपत्र दुसऱ्या कोणाला विकते आणि या कायद्यात नंतरचा बोजा आधीच्या बोजाच्या वर जातो. सावकारीच्या नेहमीच्या समजुतीच्या नेमके उलट असलेले हे कलम शिबिरात कोणी सांगितले नव्हते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत आठ तिमाह्यांचे २०,८०० डॉलर गेले आणि प्रीमियमसह एकूण ४९,००० डॉलर या एका घरात अडकले.

तिसऱ्या प्रमाणपत्राचा उलगडा त्याआधीच झाला होता. ती जमीन दोन भूखंडांमधली अरुंद पट्टी होती आणि तिचा बराच भाग संरक्षित पाणथळ म्हणून नोंदलेला होता. तिथे बांधकाम शक्य नव्हते, म्हणून मालकाला ती सोडवण्यात रस नव्हता. मुरब्बी बोलीदारांनी तिच्याकडे ढुंकूनही का पाहिले नाही, ते नकाशा पाहिल्यावर पाच मिनिटांत कळले. तो नकाशा लिलावाच्या आधीही तितकाच उपलब्ध होता.

समोर असलेले पर्याय

खासगी धारकाला लिलावापासून दोन वर्षांनी फोरक्लोजरचा, म्हणजे मालकाचा घर सोडवून घेण्याचा हक्क संपवण्याचा, दावा लावता येतो. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ हा निर्णयाचा टप्पा होता आणि चार वाटा दिसत होत्या.

पहिली वाट थांबण्याची. वारसांपैकी कोणीतरी जागे होईल आणि बोजा उतरवेल या आशेवर दर तिमाहीला पैसे भरत राहायचे. साचलेल्या करावर व्याज चढत होते, पण ऑक्टोबर २०२६ मध्ये पाच वर्षे पूर्ण होऊन २१,००० डॉलरचा प्रीमियम जाणार होता. दुसरी वाट प्रमाणपत्र विकण्याची. एका खरेदीदाराने सर्व हक्कांसाठी ३८,००० डॉलर देऊ केले, म्हणजे सरळ ११,००० डॉलरचे नुकसान. तिसरी वाट पुढचा कर भरणे बंद करण्याची आणि ती कोणालाच पटली नाही. चौथी वाट दावा लावण्याची.

दाव्याचे आकर्षण पूर्वी मोठे होते. घराची किंमत साडेतीन लाख डॉलरच्या घरात होती आणि जुन्या कायद्याप्रमाणे अंतिम निकाल मिळाला असता तर पन्नास-साठ हजारांच्या बोजापोटी सगळे घर धारकाचे झाले असते. परंतु २५ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी’ या खटल्यात एकमताने निकाल दिला होता. मिनेसोटातील ९४ वर्षांच्या जेराल्डीन टायलर यांच्याकडे दंड-व्याजासह सुमारे १५,००० डॉलर कर थकला होता, काउंटीने त्यांचा फ्लॅट ४०,००० डॉलरला विकला आणि उरलेले २५,००० स्वतःकडेच ठेवले. ते ठेवणे म्हणजे योग्य मोबदल्याविना मालमत्ता काढून घेणे होय, असे न्यायालयाने म्हटले. तो खटला सरकारी विक्रीचा होता, खासगी प्रमाणपत्राचा नव्हता, तरी त्याच्या तर्काने न्यू जर्सीच्या व्यवस्थेचा पायाही हलत होता.

वकिलांनी हे स्पष्टपणे समजावले आणि घर मिळेल असे धरून दावा लावू नका, असेही सांगितले. श्री. क यांनी ते ऐकले, पण मनातून घर पूर्णपणे गेले नव्हते, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केले. सौ. क यांचा विचार वेगळा होता. कागद हातात पडल्याशिवाय वारस हलणार नाहीत, त्यामुळे दावा घरासाठी लावायचा नाही, वारसांना टेबलावर आणण्यासाठी लावायचा, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांनी दाव्याचाच निर्णय घेतला, पण कारणे निरनिराळी होती आणि पुढच्या प्रत्येक वळणावर ती आड आली.

केलेली कारवाई

प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर असल्याने दावा स्वतः चालवणे शक्य नव्हते, कारण न्यू जर्सीच्या न्यायालयात कंपनीला वकिलामार्फतच उभे राहावे लागते. व्यक्तिगत नावाने खरेदी केली असती तर निदान साधी कामे स्वतः करता आली असती. टायटल शोधात, म्हणजे मालकी हक्काच्या आणि बोजांच्या नोंदी तपासताना, आणखी एक बाब उघड झाली. मयत मालकिणीच्या नावावर संघीय आयकराचाही बोजा होता, म्हणजे अमेरिकी सरकारला दाव्यात पक्षकार करणे भाग होते आणि विक्री झाल्यास त्यानंतरही १२० दिवस सरकारला ती मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क राहणार होता.

कायद्याप्रमाणे आधी ३० दिवसांची नोटीस देऊन जानेवारी २०२४ मध्ये दावा दाखल झाला. वारस शोधणे, बजावणी आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस यांत सहा महिने गेले.

याच काळात एके संध्याकाळी एका वारसाचा श्री. क यांना थेट फोन आला. आम्ही तुम्हाला रोख काही रक्कम वर देतो, कोर्टाबाहेरच मिटवू, असा प्रस्ताव होता. तो स्वीकारण्याचा मोह स्वाभाविक होता आणि श्री. क यांनी आकडासुद्धा सांगून टाकला होता. सुदैवाने पैसे घेण्याआधी त्यांनी वकिलांना कळवले. बोजा उतरवण्याचा व्यवहार नगरपालिकेच्या कर-वसुली अधिकाऱ्यामार्फतच व्हावा लागतो आणि कायद्याने ठरवलेल्या शुल्कापेक्षा जास्त जाणूनबुजून आकारणारा धारक प्रमाणपत्रच गमावू शकतो. त्या एका फोनवर ४९,००० डॉलरहून अधिक रक्कम टांगणीला लागली होती. वकिलांनी त्याच दिवशी वारसाला पत्र पाठवून तोंडी सांगितलेला आकडा मागे घेतला.

१० जुलै २०२४ रोजी न्यू जर्सीने कायद्यात दुरुस्ती केली. मालकाने किंवा वारसाने लेखी मागणी केल्यास घर थेट धारकाला न जाता न्यायालयाच्या देखरेखीखाली विकले जाते, धारकाला त्याची देय रक्कम मिळते आणि वरचे पैसे मालकाला जातात. वकिलांना या हक्काची माहिती देणाऱ्या नव्या नोटिसा काढाव्या लागल्या, खर्च वाढला आणि सप्टेंबरमध्ये एका वारसाने वकील देऊन विक्रीची मागणी दाखल केली. त्या दिवशी घर मिळण्याची शक्यता संपली. मला विचाराल तर ती मे २०२३ मध्येच संपली होती.

इथे पुन्हा निर्णयाची वेळ आली. मागणीला हरकत घ्यावी, असे श्री. क यांचे मत होते. सौ. क म्हणाल्या की आपल्याला आपले पैसे हवे आहेत, त्यांचे घर नको. हरकत घेतली नाही. उलट वारसांच्या वकिलांना कळवण्यात आले की त्यांनी खुल्या बाजारात घर विकून बोजा उतरवला तर मुदत द्यायला आमची तयारी आहे. न्यायालयीन लिलावापेक्षा खुल्या बाजारात किंमत चांगली येते, त्यामुळे वारसांनाही ते सोयीचे होते. अंगणात जुन्या तेलाची जमिनीखालची टाकी निघाल्याने विक्री दोन महिने लांबली. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत अशा टाक्या असतात आणि गळकी निघाली तर मातीच्या सफाईचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो. घर निकालाने पदरात पडले असते तर ही टाकीही पदरात पडली असती. श्री. क यांचा आग्रह त्या बातमीनंतर थांबला.

निष्पत्ती

घराच्या खरेदीदाराने दाव्यात रीतसर सामील होण्याची परवानगी घेतली, कारण दावा सुरू असताना त्रयस्थाला परस्पर बोजा उतरवता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये बोजा उतरला. मूळ ७,२०० डॉलर, त्यावरील ४ टक्के दंडाचे २८८, चौदा तिमाह्यांच्या कराचे ३६,४००, त्यावरील व्याजाचे ११,४६६ आणि मंजूर झालेल्या खर्चाचे १,९०० डॉलर मिळाले. प्रीमियमचे २१,००० वेगळे परत आले.

वकिलांवर आणि शोधावर एकूण ७,४०० डॉलर खर्च झाले होते. करबोजाच्या दाव्यात मालकाकडून वसूल करता येणाऱ्या वकिली शुल्कावर न्यायालयीन नियमांनी कडक मर्यादा घातली आहे, म्हणून ५,५०० डॉलर खिशातूनच गेले. निव्वळ लाभ ६,२५४ डॉलर झाला. साडेतीन वर्षे अडकलेल्या, वाढत जाणाऱ्या रकमेवर हा वार्षिक ३.९ टक्के परतावा होतो. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांवर पाच टक्क्यांहून अधिक मिळत होते आणि त्यासाठी कोणत्याही वारसाचा पत्ता शोधावा लागत नव्हता.

तिसऱ्या प्रमाणपत्रावर आणखी ९०० डॉलर कर भरून झाल्यावर त्यांनी तो नाद सोडला. २,२५० डॉलर बुडीत धरले. तिन्ही मिळून निव्वळ प्राप्ती साधारण ४,४०० डॉलर झाली आणि तिच्यावर नेहमीच्या उत्पन्नाप्रमाणे आयकर भरावा लागला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक दावा लावण्याची नव्हती, ती २१,००० डॉलरच्या प्रीमियमची होती. लिलावात बोली चढत असताना श्री. क यांनी घराची किंमत डोळ्यांसमोर ठेवली. खरे तर मालक किती दिवसांत पैसे भरेल आणि तोवर किती तिमाह्या आपल्याला भराव्या लागतील, या दोन अंदाजांवर प्रीमियमची मर्यादा ठरायला हवी होती. बोजा फार लवकर उतरला तर नुसता दंड हाती येतो, फार उशिरा उतरला तर प्रीमियमच जातो. मधल्या काळात उतरला तरच काही सुटते आणि तो काळ आपल्या हातात नसतो.

लिलावाची यादी काही आठवडे आधी प्रसिद्ध होते. दुसऱ्या मालमत्तेच्या बाबतीत मालकाचे नाव आणि मृत्यूची नोंद, तिसरीच्या बाबतीत पाणथळ जागांचा नकाशा, हे दोन्ही एका संध्याकाळचे काम होते. वकिलांचा पहिला सल्ला मात्र खरेदीनंतर दोन वर्षांनी घेतला गेला. तो आधी घेतला असता तर कंपनीच्या नावाने खरेदी करण्याचा परिणाम आणि वसूल न होणारा खर्च हे दोन्ही हिशेबात आले असते.

विक्रीचा ३८,००० डॉलरचा प्रस्ताव नाकारणे बरोबर होते का, यावर त्या दोघांत अजून मतभेद आहेत. मला तो नकार परिणामावरून योग्य दिसतो, त्या वेळच्या माहितीवरून नाही. वारसांपैकी एकाने दिवाळखोरीचा अर्ज केला असता तर दावा तिथेच स्थगित झाला असता आणि पैसे हप्त्यांनी, काही वर्षांत मिळाले असते. तसे झाले नाही हा नशिबाचा भाग होता.

दांपत्याने नंतर एकही प्रमाणपत्र घेतलेले नाही. पाणथळ पट्टीचे प्रमाणपत्र अजून त्यांच्या फाइलीत आहे, कारण दावा लावला नाही तरी त्याचे आयुष्य वीस वर्षांचे असते. कागदोपत्री त्यावर अठरा टक्क्यांनी व्याज चढतेच आहे.